साडूभाऊंचे मार्क आणि माझं नाक

देवानं माणसाला जीभ दिली ती खायला आणि बोलायला, असा आपला सगळ्यांचा साधा समज. माझ्या साडूभाऊंच्या मते ती मार्क द्यायला दिली आहे. खाणं-बोलणं हे तिचं जोडकाम. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका ओतकामाच्या कारखान्यात त्यांनी उभी नोकरी तपासनीस म्हणून काढली. साच्यातून निघालेला पीस हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, हातोडीनं टक् करून कानाशी न्यायचा आणि ‘पास’ नाहीतर ‘रिजेक्ट’ म्हणायचं. हे त्यांनी इतकी वर्षं केलं की गेटाबाहेरचं जगही त्यांना तपासणीला आलेल्या मालासारखं दिसायला लागलं. न्हाव्यानं केलेली दाढी, गल्लीतलं गणपतीचं डेकोरेशन, पाहुण्यांकडचं मटण, मयताला जमलेली माणसं, कशालाही दहापैकी मार्क. माझ्या लग्नाला त्यांनी साडेसहा दिले आणि ते हिशेबासकट मला मांडवातच सांगितले. “जेवण आठ, मांडव आठ, बँड साडेसात. नवरदेवानं खाली वडलं बघा.” आमची ती पहिलीच भेट. त्या दिवसापासून मी या माणसाला घाबरून आहे आणि त्या दिवसापासूनच त्याच्यावर माझा जीव आहे. अशा माणसाचे एका बाटलीला मार्क द्यायचे तेवढे राहून गेले, आणि तिचा निकाल सांगायची पाळी माझ्यासारख्या बिननाकाच्या माणसावर आली, त्याची ही हकिगत.

बाटली म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे चित्र आलं असेल ते आधी पुसून टाका. साडूभाऊ दारू पीत नसत, तपासत. पिणारे रात्री बसतात. साडूभाऊ रविवारी सकाळी अकराला बसत, अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. सकाळी जीभ ताजी असते, दिवसभर चहा-तंबाखू-राजकारण यांनी ती मळते, असं त्यांचं शास्त्र. एरवी त्यांच्या कपाळाला अष्टगंध असतं, रविवारी ते दुपारनंतर लागायचं, कारण चंदनाचा वास व्हिस्कीत मिसळतो. त्याच न्यायानं देवापुढची उदबत्तीसुद्धा बाराच्या पुढं. “देवास्नीबी ह्येंच्या बाटलीसाठी थांबाय लागतंय,” असं आक्का म्हणायच्या. आक्का म्हणजे साडूभाऊंच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. पण देव ऐकतील, कोल्हापूर कुठलं ऐकतंय? रविवारी सकाळी अकरा ही या गावात मटणाच्या फोडणीची वेळ. घराघरांतून कांदा-खोबऱ्याचं भाजणं सुरू असतं आणि तो वास भिंतीतूनसुद्धा आत येतो. साडूभाऊ खिडक्या लावून घ्यायचे, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचे आणि आम्ही दोघे त्या कोंडलेल्या खोलीत घाम पुसत, समोर ट्यूलिपच्या फुलासारखे दोन पोटफुगे ग्लास घेऊन बसायचो. दोघांत मिळून जेमतेम चार घोट. त्यानंतर बाटली कपाटात आणि आम्ही पाटावर. शेजाऱ्यांना मात्र हे दोघे सकाळी सकाळी दारं-खिडक्या लावून काय करतात याचा उलगडा कधीच झाला नाही.

त्यांचा खरा जीव शेरीच्या पिंपातल्या व्हिस्कीवर. शेरी ही स्पेनमधली द्राक्षाची दारू. ती ओक लाकडाच्या पिंपात मुरते. ती पिंपं स्कॉटलंडचे लोक घेतात आणि त्यात आपली सिंगल माल्ट भरून वर्षानुवर्षं विसरून जातात. मग लाकडात जिरलेली शेरी हळूहळू व्हिस्कीत उतरते. हे सगळं साडूभाऊंनी मला पहिल्या रविवारी एका दमात समजावलं होतं. “आंब्याच्या लोणच्याची बरणी रिकामी झाली आन् न धुता तिच्यात लिंबू घातलं, तर लिंबाला आंबा लागतोय का न्हाय? तसंच हाय ह्ये. फकस्त ह्येंची बरणी लाकडाची आन् आंबा स्पेनचा.” या जातीच्या व्हिस्कीत मनुका, अंजीर, संत्र्याची साल, लवंग, अक्रोड आणि जुनं चामडं असे वास मिळायला हवेत, आणि पीप खराब निघालं तर विझवलेल्या काडेपेटीच्या काडीचा वास येतो, तो आला की थेट नापास. हा सगळा अभ्यासक्रम त्यांना तोंडपाठ होता. मला त्यात एकच अडचण होती. मला वास येत नाही.

म्हणजे अगदीच येत नाही असं नाही. हिंग येतो. रॉकेल येतं. पण मी पाटबंधारे खात्यात होतो आणि उमेदीची वर्षं राधानगरीला काढली. तिथं पावसाळ्यात अंथरुणावर बुरशी धरते, नाकाचं काय घेऊन बसलात. तिथं जी सर्दी झाली ती माझ्याबरोबर निवृत्त झाली. असं असताना साडूभाऊंनी तपासणीला मलाच का निवडावं? त्यांना मी हे एकदा विचारलंही. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं कारखान्यातल्या नजरेनं पाहिलं आणि म्हणाले, “पावणं, नाक बघा की तुमचं. एवढी ऐसपैस जागा हाय, वास कुठंतरी बसंलच की.” माझं नाक आमच्या घराण्यात चर्चेचा विषय आहे, पण ते कुणाच्या कामाला येईल असं त्याआधी कुणाला वाटलं नव्हतं. मला भरून आलं. नकार द्यायचा राहून गेला. शिवाय तपासणीनंतर आक्कांच्या हातचा तांबडा-पांढरा असायचा, आणि त्या रश्श्यासाठी मी कुठल्याही खात्यात काम करायला तयार होतो.

मग माझं प्रशिक्षण सुरू झालं. आक्कांच्या फडताळातले डबे एकेक करून माझ्या नाकाखाली यायचे. डोळे मिटायचे आणि ओळखायचं. मी लवंगेला दालचिनी म्हणालो, दालचिनीला जायफळ म्हणालो, मनुकांना काहीच म्हणालो नाही आणि हिंगाचा डबा आल्यावर असा ओरडलो की शेजारचं कुत्रं भुंकलं. साडूभाऊंनी कपाळाला हात लावला. पण मी नोकरी सरकारी केली असल्यामुळं, काम न जमता अहवाल कसा द्यायचा हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या बोलण्यातून यादी माझ्याही तोंडात बसली होतीच. ग्लासात नाक घालायचं, भुवया वर करायच्या आणि एखादा श्वास जाऊ देऊन म्हणायचं, “मनुका आहेत. थोडं संत्रं. मागं कुठंतरी अक्रोड.” साडूभाऊ मान हलवायचे. मला वाटायचं, पचलं. वर्षं लोटली तसा मी धीट होत गेलो. एका रविवारी तर मी “पावसात भिजलेल्या ग्रंथालयाचा” वास सांगितला. आमच्या ग्रंथालयाचं छप्पर गळतं एवढाच त्याला आधार होता.

चामड्याच्या धड्यात मात्र माझी पुरती शोभा झाली. जुनं चामडं म्हणजे नेमकं काय हे मला कळेना, तेव्हा साडूभाऊंनी आपली जुनी कोल्हापुरी चप्पल आणली. तेल पिऊन पिऊन काळी झालेली, करकर वाजायचंही विसरलेली. म्हणाले, “डोळं मिटा, मागं टेका, खोल वास घ्या.” मी खुर्चीत मान मागं टाकली, त्यांनी चप्पल माझ्या नाकाला लावली आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू उसनं विरजण मागायला दार लोटून आत आल्या. आता आपल्याकडं माणसाच्या नाकाला चप्पल कधी लावतात हे मी सांगायला नको. काकूंनी मला पाहिलं, हातातलं भांडं टाकलं आणि “अगं बया, पावण्यास्नी फिट आली की वं” असं म्हणत त्या स्वयंपाकघरात कांदा आणायला धावल्या. आम्ही समजूत घालेपर्यंत कांदा फुटून माझ्या नाकाशी आला होता. मी डोळे उघडून “मी बरा आहे” म्हणालो, तर त्या आक्कांना म्हणाल्या, “बघा, आला शुद्धीवर.” संध्याकाळपर्यंत ही बातमी माझ्या घरी पोचली. पुढं कित्येक दिवस कुठल्याही समारंभात मी जरा डोळे मिटून बसलो की आसपासच्या चार जणांचे हात आपापल्या चपलांकडं जायचे. साडूभाऊंना या सगळ्याचं काही नव्हतं. त्यांनी मला एवढंच विचारलं, “ते ऱ्हाऊ दे. चामडं ध्यानात ऱ्हायलं न्हवं?”

पाण्याचंही तसंच. अशा व्हिस्कीत दोन थेंब पाणी घातलं की तिचा वास फुलतो. ते थेंब नातवाच्या औषधाच्या ड्रॉपरनं मोजून पडायचे. पण नळाचं पाणी चालणार नाही, त्यात क्लोरीन. स्कॉटलंडात झऱ्याचं पाणी घालतात म्हणे. मग आपल्याला झरा कुठं, तर गगनबावड्याच्या वाटेवर. आषाढात एका शनिवारी मला मोटारसायकलवर मागं बसवून, मांडीवर पाच लिटरचा कॅन देऊन ते निघाले. गगनबावड्याचा पाऊस ज्यानं पाहिला नाही त्याला मी काय सांगू. वरून पाणी, खालून पाणी, समोरून येणाऱ्या एसटीचं पाणी. डोळ्यांत पाणी, कानांत पाणी, चपलांत पाणी. आणि आम्ही दोन पिकल्या केसांचे गृहस्थ पाणी शोधत फिरतोय. रस्त्याकडेच्या टपरीवाल्यानं विचारलं, “काय शोधतासा पावणं?” साडूभाऊंनी शांतपणे सांगितलं, “पाणी.” तो माणूस बराच वेळ आमच्याकडं बघत राहिला आणि त्यानं पैसे न घेता दोन चहा दिले. शेवटी एका कातळातून पडणारी धार त्यांनी ओंजळीत घेतली, तोंडात घोळवली आणि म्हणाले, “साडेआठ. भरा कॅन.” परत आल्यावर मी आठवडाभर तापानं झोपलो. पुढच्या रविवारी त्या पाण्याचे दोन थेंब माझ्या ग्लासात पडले. मी भुवया वर करून “फुलला” म्हणालो. नाक तेव्हा गच्च बंद होतं.

तर असे आमचे रविवार चालले होते आणि साडूभाऊंची निवृत्ती आली. निरोपाच्या दिवशी ओतकामाच्या शॉपमधल्या पोरांनी वर्गणी काढून त्यांना एक बाटली दिली. शेरीच्या पिंपात अठरा वर्षं मुरलेली, रंगानं जांभळाच्या मधासारखी. असली बाटली साडूभाऊंनी आजवर दुकानाच्या काचेतूनच पाहिली होती. ज्यांनी ती दिली ती सगळी तीच माणसं, ज्यांचा माल साडूभाऊंनी आयुष्यभर परत पाठवला होता. साडूभाऊंपायी कुणाकुणाला दुबार पाळी करावी लागली होती, कुणाकुणाचा बोनस बुडाला होता. त्यांतला एकजण बाटली हातात देताना म्हणाला, “सायब, आमच्या मालाला कवा धड मार्क दिला न्हाईसा. ह्येला तरी द्या.” सगळे हसले. साडूभाऊ हसले नाहीत. घरी आल्यावर ते बाटली मांडीवर घेऊन बराच वेळ बसून होते, असं आक्कांनी मला सांगितलं.

एवढ्या माणसांनी मिळून दिलेली बाटली काही अशीतशी उघडायची नाही. त्यासाठी दिवस बघून काढायला हवा. श्रावण संपू दे म्हणाले, मग गणपती आले, मग पितृपंधरवडा, मग नवरात्र. दिवाळीला साडूभाऊंना खोकला होता, मार्गशीर्षात गुरुवारांमुळं आक्कांची नापसंती होती, संक्रांतीला आभाळ होतं आणि ढगाळ हवेत वास खाली बसतात. भर रस्त्यात शॉपमधलं कुणी भेटलं की विचारायचं, “सायब, किती मार्क?” आणि साडूभाऊ म्हणायचे, “अजून तपासली न्हाय. गडबड कशाला?” गडबड नव्हतीच. बाटली कुठं पळून जाणार होती? आणि मग एका पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं, वाचले, पण डॉक्टरांनी हृदयाबरोबर यकृताचेही रिपोर्ट पाहिले आणि आक्कांसमोर बजावलं, “इथून पुढं दारूचा थेंब नाही. तपासायला नाही, चाखायला नाही, जिभेला लावायला नाही. पुन्हा झालं तर मला सांगू नका.” साडूभाऊंनी डॉक्टरांना साडेसात मार्क दिले आणि त्यांचं ऐकलं. कपाटातल्या उरलेल्या बाटल्या मित्रांना वाटून टाकल्या. पोरांनी दिलेली ती एक बाटली मात्र कुणाला दिली नाही.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी मला त्यांचा फोन आला. “पावणं, अकराला या. सर्दी आणू नगासा.” गेलो तर आक्कांनी मला दारातच धरलं आणि स्वयंपाकघरात नेलं. खोवणीपाशी अर्धी खोवलेली नारळाची वाटी होती. आवाज खाली करून त्या म्हणाल्या, “दाजी, ती बाटली तुमी प्यायची आन् ह्येंनी ऐकायचं, असं ठरीवलंय ह्येंनी. उठता-बसता कपाटाकडं बघत असत्यात. चांगली हाय म्हणालासा तर ह्येंचा जीव तिच्यात अडकतोय. एक थेंब, एक थेंब म्हणत घेतीलच कवातरी. मी काय चोवीस तास राखण करू? तुमी आपलं बेकार निघाली म्हणून सांगा. मन निघंल त्येंचं.” आक्कांचे डोळे भरले होते. मी आक्कांना इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, “आक्का, काळजी करू नका. मला वास येतच नाही. खोटं सांगायला मला काय अवघड?” आणि मला खरोखरच तसं वाटत होतं.

खोलीत मांडणी आक्कांनी केली होती. माझी खुर्ची टेबलापाशी, साडूभाऊंची पार दाराजवळ. पंख्याचा वारा त्यांच्याकडून माझ्याकडं येईल हेही बघितलं होतं. वाससुद्धा त्यांच्यापर्यंत पोचता कामा नये. साडूभाऊ आजारपणानं निम्मे झाले होते, पण शर्ट इस्त्रीचा होता. बाटली मला उघडायची होती. “बूच पिळू नगासा, बूच धरा आन् बाटली पिळा,” त्यांनी लांबून सांगितलं. मी ओतली. “उजेडाला धरा. आता फिरवा. कडंनं खाली येताना घाईनं येती का रेंगाळती?” मी म्हणालो, रेंगाळते. “बरं. घ्या वास.” मी सवयीनं नाक ग्लासात घातलं, सवयीनं भुवया वर केल्या, सवयीनं ‘मनुका’ म्हणायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो.

मनुका होत्या. खरोखरच्या, काळ्या, देठासकट. चैत्राच्या कोरड्या हवेनं नाक मोकळं झालं होतं म्हणा, की भीतीनं मोकळं झालं म्हणा, पण इतकी वर्षं मी थापा मारत आलो ते सगळं एकामागून एक माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. नखानं सोललेलं संत्रं. लवंग. अक्रोड. आणि त्या सगळ्यामागं गुऱ्हाळात कढईतून काकवी काढताना अंगावर येते ती गोड ऊब. मी घोट घेतला. तो जिभेवरून गेला, घशाखाली उतरला आणि छातीत दिवा लावल्यासारखा बसून राहिला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, साडूभाऊ, आहे हो, सगळं आहे, तुम्ही म्हणत होता ते अक्षर न् अक्षर खरं आहे. समोर साडूभाऊ गुडघ्यांवर हात ठेवून, निकालाला आलेल्या पोरासारखे माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांच्या मागं स्वयंपाकघराच्या दारात आक्का उभ्या होत्या. त्याही माझ्या तोंडाकडंच बघत होत्या. माझ्या तोंडाला आयुष्यात इतकं महत्त्व कधी आलं नव्हतं, आणि पुन्हा येऊ नये.

“काय म्हणतंय नाक?” साडूभाऊंनी विचारलं.

मी आणखी एक घोट घेतला. मग ग्लास खाली ठेवला. “नाही हो, साडूभाऊ,” मी म्हणालो. “काही नाही हिच्यात. काडेपेटीचा वास येतोय. काडी विझवल्यासारखा.”

ते बसल्या जागेवरून माझ्याकडं बघत राहिले. मला खिशातला रुमाल काढून उगाच नाक पुसावं लागलं. मग त्यांनी मान वळवून आक्कांना सांगितलं, “फेल गेली गं. पीप खराब निघालं.” आक्का म्हणाल्या, “जाऊ दे की मग. जिवाला लावून घेऊ नगासा,” आणि पदरानं तोंड पुसत आत गेल्या. आतून खोवणीचा आवाज पुन्हा सुरू झाला. साडूभाऊ उठले, आपली खुर्ची उचलून माझ्या शेजारी आणून ठेवली आणि बसले. ग्लासाला त्यांनी हात लावला नाही. हळू आवाजात म्हणाले, “पावणं, इतकी वर्सं वास येत नसताना येतोय म्हणत हुतासा. आज येतोय, तर न्हाय म्हणतासा.”

मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मनुका, अक्रोड, भिजलेलं ग्रंथालय, सगळं. मी विचारलं, “मग इतकी वर्षं मला बोलावलंत कशाला?”

“दुसरं कोन येतंय सकाळी अकराला?” साडूभाऊ म्हणाले. मग स्वयंपाकघराकडं बघून, “तिनं सांगाय लावलं न्हवं?”

“व्हय,” मी म्हणालो. घाबरलो की माझी भाषाही कोल्हापूरची होते.

“बरं केलासा. आज झोपंल तरी ती.” त्यांनी आपल्या वाळलेल्या हातानं माझा गुडघा थोपटला. “आता सांगा. गडबड नगं.”

मी सांगितलं. खोवणीच्या आवाजाखाली, कुजबुजत, पहिल्यापासून सांगितलं. मनुका कशा आधी आल्या, संत्रं कसं मागून आलं, काकवीची ऊब कुठं लागली, छातीत किती वेळ राहिली. मला शब्द सापडत नव्हते तिथं मी हात हलवले. साडूभाऊ डोळे मिटून, मान कलती करून ऐकत होते. मधेच विचारायचे, “लवंग जिभंच्या शेंड्याला का मागं?” मी पुन्हा थोडी घ्यायचो आणि सांगायचो, मागं. सांगून संपलं तेव्हा त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. ते पुसायची त्यांनी घाई केली नाही. “म्हंजे पोरांनी माल चांगला पाठवला म्हणायचा,” ते म्हणाले. “मी जल्मभर त्येंचा माघारी धाडला.”

मी विचारलं, “मग साडूभाऊ, मार्क किती?”

“न्हाय पावणं. हातात न घेतलेल्या पिसावर शिक्का मारत न्हाईत.”

“मग पोरांना काय सांगणार?”

“होल्डवर हाय म्हणून सांगीन.” कारखान्यात ज्या पिसाचा निकाल लागत नाही त्याला पिवळी चिठ्ठी लावून बाजूला ठेवतात, त्याला होल्ड म्हणतात, हे त्यांनीच मला समजावलं. मग बूच घट्ट बसवून बाटली त्यांनी माझ्या पिशवीत घातली, वर वर्तमानपत्र ठेवलं आणि आक्कांना हाक मारली, “वाढ गं. पावण्यास्नी भूक लागलीया.”

त्याला आता दोन वर्षं होत आली. रविवारी अकराला मी अजून जातो. खिडक्या उघड्या असतात, मटणाचा वास खुशाल आत येतो, देवापुढं उदबत्ती असते आणि साडूभाऊ ताकाला मार्क देतात. ती बाटली माझ्या कपाटात कपड्यांच्या मागं उभी आहे. तिला मी पुन्हा हात लावलेला नाही. बायको म्हणते, एवढी चांगली आहे तर एखाद्या सणाला घ्या की घोटभर. मी नको म्हणतो. कधीतरी डॉक्टर म्हणतील, आता तब्येत सुधारली, एक थेंब चालेल. ते असं म्हणणार नाहीत हे मला कळतं, मी तेवढा खुळा नाही. पण म्हणालेच, तर त्या रविवारी मला टेबलापाशी बसायचं नाही. मी दाराजवळच्या खुर्चीत बसेन, गुडघ्यांवर हात ठेवीन आणि माझ्या साडूभाऊंच्या तोंडाकडं बघत राहीन.